वेरा मेनचिकच्या डावांची फाइल: कामाच्या नोंदी

4 ऑगस्ट 2025

काम ठरलं. बुद्धिबळाची पहिली महिला जगज्जेती वेरा मेनचिक हिच्या निवडक डावांची एक फाइल मराठी टिपांसह करायची. स्वरूप पीजीएन, म्हणजे बुद्धिबळाच्या कुठल्याही अ‍ॅपमध्ये उघडेल, चाली पुढे-मागे करता येतील आणि शेजारी भाष्य वाचता येईल. ज्यांना सोंगट्यांच्या चाली येतात, स्पर्धांचा थोडाफार अनुभव आहे, पण जुना डाव उलगडून सांगणारं मराठीत फारसं हाताशी नाही, अशा मुला-मुलींसाठी हे आहे.

तांत्रिक बाजू मैत्रीण बघणार. डावांची निवड, चालींची पडताळणी आणि टिपा माझ्याकडे.

मेनचिकच का, असं तिनं विचारलं. माझं उत्तर असं: 1927 पासून 1944 मध्ये मृत्यू येईपर्यंत सलग सतरा वर्षं जगज्जेतेपद जिच्याकडे होतं, तिच्याबद्दल आपल्याकडे एक विनोदी किस्सा आणि एका चषकाचं नाव एवढंच पोचलंय. ती खेळायची कशी, हे कुणी सांगत नाही. ते सांगायचं आहे.

7 ऑगस्ट

आधी चरित्राचा सांगाडा, कारण डावांच्या माहितीच्या रकान्यांसाठी तो लागणारच.

जन्म मॉस्को, 16 फेब्रुवारी 1906. वडील चेक, आई इंग्लिश. नवव्या वर्षी वडिलांनी पट हातात दिला. क्रांतीनंतर घरची मालमत्ता गेली, आईवडील वेगळे झाले आणि 1921 मध्ये आई दोन्ही मुलींना, वेरा आणि धाकटी ओल्गा यांना, घेऊन इंग्लंडला आली. हेस्टिंग्ज परिसरात राहिली. वेराला तेव्हा इंग्रजी जेमतेम येत होतं. बुद्धिबळात बोलावं लागत नाही, ही गोष्ट तिला त्या काळात जवळची वाटली, असं पुढे तिनंच सांगितलंय. 1923 मध्ये ती हेस्टिंग्ज क्लबात जाऊ लागली.

गाव योगायोगानं मिळालं, पण बुद्धिबळासाठी याहून चांगलं गाव तिला इंग्लंडभर सापडलं नसतं. दर नाताळ-नववर्षाला तिथे भरणाऱ्या स्पर्धेला युरोपातले मोठे खेळाडू येत. आणि गेझा मारोत्सी तिथे शिकवत होता.

मारोत्सीवर स्वतंत्र टीप लिहायचीच. हा हंगेरियन 1906 च्या सुमारास तेव्हाचा जगज्जेता इमॅन्युएल लास्करशी जगज्जेतेपदाची लढत खेळणार होता. करार झाला, लढत झाली नाही. प्यादी सी4 आणि ई4 या घरांवर रोवून समोरच्याचा श्वास कोंडणाऱ्या मांडणीला आजही त्याचं नाव आहे. एंडगेममध्ये, म्हणजे पटावर थोड्याच सोंगट्या उरल्यावरच्या खेळात, विशेषतः वजिरांच्या एंडगेममध्ये, त्याचा हात धरणारे थोडे होते. मेनचिकच्या खेळातला संथपणा, घाई न करता जागा बळकावत जाणं, सोंगट्यांची मारामारी करून एंडगेमकडे वळणं, हे सगळं त्याच्याकडून आलेलं दिसतं.

11 ऑगस्ट

जुन्या इंग्रजी नोंदपद्धतीतून चाली आजच्या पद्धतीत आणण्याचं काम सुरू. हे किचकट आहे आणि इथेच चुका शिरतात, म्हणून सविस्तर लिहून ठेवते.

त्या काळच्या इंग्रजी मासिकांत घराला ए ते एच अक्षर आणि 1 ते 8 आकडा नसे. पटाचा प्रत्येक उभा पट्टा त्यावर सुरुवातीला उभ्या असलेल्या मोठ्या सोंगटीच्या नावानं ओळखला जाई, आणि ओळी मोजायच्या त्या चाल करणाऱ्याच्या बाजूनं. म्हणजे एकाच घराला दोन नावं, पांढऱ्याचं वेगळं नि काळ्याचं वेगळं. काळ्याच्या फ्रेंच डिफेन्स या प्रारंभाच्या पहिल्या दोन चाली बघा (पी म्हणजे प्यादं, के राजा, क्यू वजीर): पी-के4, पी-के3, पी-क्यू4, पी-क्यू4. दुसऱ्या चालीत दोघांचीही नोंद तीच, पण पांढऱ्याचं प्यादं डी4 वर जातं आणि काळ्याचं डी5 वर.

घोड्यांचं आणखी वेगळं. ‘केटी-बी3’ (केटी म्हणजे घोडा, बी उंट) एवढंच लिहिलेलं असतं. कुठला घोडा, वजिराकडच्या उंटाच्या पट्ट्यात की राजाकडच्या? जिथे एकच घोडा जाऊ शकतो तिथे प्रश्न नाही. जिथे दोन्ही शक्य आहेत तिथे डाव पुढे खेळून बघायचा. आठ-दहा चालींनंतर एखादी अशक्य चाल समोर आली की आधीचा रस्ता चुकला हे कळतं. मैत्रिणीनं छोटा प्रोग्रॅम लिहून दिलाय. तो बेकायदा चालीपाशी थांबतो आणि लाल खूण करतो. पण कायदेशीर तरीही चुकीची चाल तो पकडू शकत नाही. त्यासाठी पट मांडूनच बसावं लागतं.

12 ऑगस्ट

नावाचा गुंता सुटला. ऑक्टोबर 1937 मध्ये तिनं आर. एच. एस. स्टीव्हन्सन या बुद्धिबळ संघटकाशी लग्न केलं. त्यानंतरचे काही डाव ‘मिसेस स्टीव्हन्सन’ नावानं छापलेत, त्यामुळे तयार डेटाबेसमध्ये एकाच व्यक्तीच्या दोन खेळाडू झाल्यात. बहीण ओल्गासुद्धा खेळत असल्यानं ‘मिस मेनचिक’ एवढंच लिहिलेले डाव वेगळे तपासायचे.

देशाचा रकानाही एकसारखा राहत नाही. जगज्जेतेपदाच्या पहिल्या स्पर्धेत रशिया, मग चेकोस्लोव्हाकिया, आणि 1939 मध्ये इंग्लंड. हे बदल तसेच ठेवायचे. एकच देश लिहून रकाना सरळ करणं सोपं आहे, पण तिच्या आयुष्याचा निम्मा भाग त्यात पुसला जाईल. 1925 मध्ये तिनं ब्रिटिश महिला विजेती एडिथ प्राइसला लढतीत हरवलं होतं, आणि तरी ब्रिटिश नागरिक नाही म्हणून ब्रिटिश महिला अजिंक्यपद स्पर्धा तिला बंद होती. देशाचं अजिंक्यपद नाही, थेट जगाचं आहे, अशी तिची कारकीर्द.

18 ऑगस्ट

आज विजेतेपदांचा तक्ता जुळवला. सात स्पर्धा, आणि सगळ्या ऑलिंपियाडच्या, म्हणजे देशांच्या संघांच्या स्पर्धेच्या, काळात, त्याच शहरात: लंडन 1927, हॅम्बुर्ग 1930, प्राग 1931, फोकस्टोन 1933, वॉर्सा 1935, स्टॉकहोम 1937, ब्यूनस आयर्स 1939.

गुण: 11 पैकी 10.5, 8 पैकी 6.5, 8 पैकी 8, 14 पैकी 14, 9 पैकी 9, 14 पैकी 14, 19 पैकी 18. बेरीज 83 डावांत 80 गुण. फोड केली तर 78 विजय, 4 बरोबरी, 1 पराभव. तो एकमेव पराभव हॅम्बुर्गचा. प्रागपासून स्टॉकहोमपर्यंत सलग चार स्पर्धांत अर्धा गुणसुद्धा गेलेला नाही.

शेकडेवारी 96 च्या वर जाते. हा आकडा डोळे दिपवतो, आणि मला त्याचीच काळजी वाटते. असे आकडे वाचले की माणूस मान डोलावतो आणि पुढे जातो. जिच्यासमोर तोडीचं कुणी नव्हतं तिनं जिंकणं यातून तिच्या खेळाबद्दल काय कळणार? फाइलमध्ये यातले डाव कमीच घ्यावेत असं मन घेतंय. एकतर्फी डावात शिकणाऱ्याला समोरच्याच्या चुका दिसतात, विजेत्याचा विचार दिसत नाही.

स्पर्धांच्या रचनेबद्दल एक टीप मात्र हवी. पॅरिसमध्ये 1924 ला स्थापन झालेल्या फिडेकडे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाकडे, पुरुषांचं जगज्जेतेपद तेव्हा नव्हतंच. ते विजेत्याच्या खिशात असे, आव्हानवीरानं पैसे उभे करायचे आणि अटी मान्य करायच्या. महिलांचं अजिंक्यपद मात्र पहिल्यापासून फिडेनं भरवलं. विजेतीला प्रत्येक वेळी पहिल्या फेरीपासून सगळ्यांसारखंच खेळावं लागे. आधीची विजेती म्हणून कसलीही सूट नाही. स्टॉकहोमला तर 26 जणींची स्विस पद्धतीची, म्हणजे दर फेरीत साधारण सारख्या गुणांच्या खेळाडूंची जोडी लावणारी, स्पर्धा होती. तिच्या काळातल्या पुरुष जगज्जेत्यांपैकी कुणीही आपलं पद अशा रीतीनं दर दोन-तीन वर्षांनी खुल्या मैदानात आणून ठेवलेलं नाही. हे लिहायलाच हवं.

19 ऑगस्ट

सोनिया ग्राफ. जर्मन, आक्रमक, सीगबर्ट टाराशच्या हाताखाली शिकलेली. महिलांमध्ये मेनचिकला खरी झुंज दिली ती हिनंच.

1934 मध्ये नेदरलँड्समध्ये चार डावांची लढत: मेनचिक 3-1. 1937 मध्ये ऑस्ट्रियातल्या झेमरिंगला सोळा डावांची मोठी लढत: मेनचिक 11.5-4.5, म्हणजे 9 विजय, 5 बरोबरी, 2 पराभव. दोन्ही मिळून वीस डावांत ग्राफनं साडेपाच गुण काढले. जगज्जेतेपदाच्या सातही स्पर्धांत सगळ्या प्रतिस्पर्धी मिळून 83 डावांत तीनच गुण काढू शकल्या होत्या. हे दोन आकडे शेजारी ठेवले की ग्राफचं मोल कळतं.

मग ब्यूनस आयर्स. नाझी जर्मनीकडून ग्राफ खेळली नाही. ती कुठल्याच देशाच्या झेंड्याखाली नव्हती. नावापुढे ‘लिब्रे’, म्हणजे मुक्त, असं लिहिलं होतं. स्पर्धा चालू असतानाच 1 सप्टेंबर 1939 ला जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला. मेनचिकविरुद्धच्या डावात ग्राफ जिंकत होती. हातातला डाव तिनं घालवला आणि हरली. मेनचिक पहिली, ग्राफ दुसरी.

हा डाव फाइलमध्ये नक्की. मेनचिकची बाजू पडलेली असताना ती काय करते, हे दिसणारे महिलांच्या स्पर्धांतले डाव अगदी मोजके आहेत. ती गोंधळ माजवायला जात नाही, सापळे रचत बसत नाही. प्रत्येक चालीत समोरच्याला पुन्हा एक निर्णय घ्यायला लावते. टिपा लिहिताना ग्राफची बाजू नीट मांडायची, तिची चूक झाली एवढ्यावर सोडायचं नाही.

25 ऑगस्ट

कार्ल्सबाद 1929. या स्पर्धेसाठी वेगळा विभाग.

किस्सा सगळ्यांना माहीत आहे. बावीस खेळाडूंची स्पर्धा, त्यात एकच बाई. व्हिएन्नाचा आल्बर्ट बेकर म्हणाला की जो तिच्याकडून हरेल त्याला ‘वेरा मेनचिक क्लब’चं सदस्य करायचं. पहिला सदस्य तोच झाला. पुढे त्या काल्पनिक क्लबात बरीच बडी नावं जमा झाली: माक्स युवे, सुलतान खान, सॅम्युएल रेशेव्स्की, एडगार कोल, सर जॉर्ज थॉमस.

मैत्रिणीचं म्हणणं, फाइलची सुरुवात यानंच करूया, वाचक लगेच आत येईल. मला हे पटत नाही आणि आज आम्ही यावर बराच वेळ बोललो. या किश्शात नायक आहेत हरलेले पुरुष. त्यांची फजिती झाली, म्हणून तो लक्षात राहतो. मेनचिक त्यात फक्त फजिती करणारी. बेकरशी ती कुठला प्रारंभ खेळली, डाव कुठे वळला, हे किश्शाला नकोच असतं. आपण फाइल करतोय ती नेमकी तेवढ्यासाठी. शेवटी ठरलं ते असं: किस्सा द्यायचा, पण बेकरविरुद्धचा डाव पूर्ण खेळून झाल्यावर, शेवटच्या टिपेत.

आता आकडे. 21 डावांत 3 गुण, शेवटचा क्रमांक. दोन विजय, दोन बरोबरी, सतरा पराभव. अ‍ॅरन निम्झोविच 15 गुणांनी पहिला, माजी जगज्जेता होझे राउल कापाब्लांका आणि रुडॉल्फ श्पीलमान 14.5 वर. दोन विजयांतला एक बेकरवर, दुसरा फ्रिट्झ झेमिशवर. त्याच स्पर्धेत कापाब्लांकानं सुरुवातीलाच एक सोंगटी फुकट घालवून डाव गमावला, तो याच झेमिशविरुद्ध. म्हणजे पहिल्या क्रमांकाच्या वाटेवर असलेल्या कापाब्लांकाला ज्यानं रोखलं, त्याला शेवटच्या आलेल्या मेनचिकनं हरवलं.

27 ऑगस्ट

कार्ल्सबादचे पराभव एकामागून एक पटावर मांडतेय. इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणकाचा प्रोग्रॅम, बंद ठेवूनच आधी खेळते, मग लावते. इंजिन आकडा सांगतं. माणसाला त्या जागी काय दिसत होतं ते सांगत नाही.

खेळत गेले तशी एक गोष्ट मनात पक्की झाली: ही कारकीर्द समजून घ्यायची तर हरलेल्या डावांकडेच जावं लागेल. 1929 पूर्वी कुठल्याही बाईनं इतक्या बलाढ्य खेळाडूंच्या पूर्ण साखळी स्पर्धेत भाग घेतला नव्हता. तयारीची संधी कुठे होती? महिलांच्या स्पर्धांत तिला दम लागेल अशी प्रतिस्पर्धी नाही, आणि पुरुषांच्या स्पर्धांत थेट जगातले अव्वल वीस. मधली पायरीच नव्हती. आजची खेळाडू वाढत्या ताकदीच्या स्पर्धांच्या जिन्यानं वर जाते. मेनचिकला तळमजल्यावरून थेट गच्चीवर उडी घ्यायची होती. अशा ठिकाणी सतरा वेळा हरूनही अठराव्या डावाला त्याच संथपणे बसणं, घाबरून बरोबरी मागायच्या मागे न लागणं, याला मी मोठी गोष्ट मानते.

फाइलमध्ये पराभवांचा विभाग विजेतेपदांच्या आधी लावायचा. हे आज नक्की केलं.

29 ऑगस्ट

त्याच वर्षीची रॅम्सगेटची स्पर्धा विसरून चालणार नाही. कार्ल्सबादच्या काही महिने आधी. सात ब्रिटिश खेळाडू विरुद्ध सात पाहुणे अशी रचना. पाहुणे एकमेकांशी खेळले नाहीत, प्रत्येक जण सात ब्रिटिशांशी खेळला. कापाब्लांका 5.5, मेनचिक आणि आकिबा रुबिनस्टाइन 5. तिचा गुरू मारोत्सी तिच्या मागे.

बऱ्याच ठिकाणी ‘ती कापाब्लांकाच्या अर्ध्या गुणानं मागे’ एवढंच लिहितात. ते खरं आहे, पण रचना सांगितल्याशिवाय अपुरं आहे. तक्त्याखाली दोन ओळी घातल्या. रचना सांगितल्यानं तिचं यश कमी होत नाही. सात डावांत पाच गुण ही कामगिरी कुणाचीही मोठीच.

3 सप्टेंबर

हेस्टिंग्ज 1930-31. मला सगळ्यात आवडलेला भाग.

स्पर्धा जिंकली डच खेळाडू माक्स युवेनं, कापाब्लांकाला मागे टाकून. पण मेनचिककडून तो हरला. त्याच स्पर्धेत सुलतान खाननं कापाब्लांकाला हरवलं. पुढच्या वर्षी, 1931-32 ला, मेनचिकनं युवेला पुन्हा हरवलं, आणि सुलतान खानलाही. युवे 1935 मध्ये अलेक्झांडर अलेखिनला नमवून जगज्जेता झाला.

सुलतान खान पंजाबातला, सर उमर हयात खान यांच्या पदरी असलेला. देशी पद्धतीचं बुद्धिबळ खेळत मोठा झालेला, इंग्लंडला गेल्यावर 1929, 1932 आणि 1933 असं तीनदा ब्रिटिश अजिंक्यपद मिळवलेला. तो आणि मेनचिक समोरासमोर बसलेत हे चित्र मला वाचनात आलं तेव्हापासून डोक्यातून जात नाही. दोघांचाही जन्म इंग्लंडबाहेरचा. दोघंही इंग्रजी बेतानंच बोलत तिथे पोचले. आणि दोघांचा खेळही एका जातीचा: प्रारंभात फार चमक नाही, नंतर चिवट.

दोन्ही युवे-डाव आणि सुलतान खानचा डाव, तिन्ही घेणार. टिपा थोड्या लांब झाल्या तरी चालतील.

9 सप्टेंबर

फ्रेंच डिफेन्सवर प्रस्तावनेची टीप लिहून झाली. काळ्या सोंगट्यांनी ई4 ला तिचं नेहमीचं उत्तर हेच, म्हणून हे समजल्याशिवाय निम्मे डाव समजणार नाहीत.

मजकूर साधारण असा: काळा ई6 आणि डी5 वर प्यादी ठेवतो. पांढऱ्यानं ई5 खेळलं की मध्यभाग बंद होतो. पांढऱ्याला राजाच्या बाजूला मोकळी जागा मिळते. काळा सी5 आणि जमेल तेव्हा एफ6 खेळून त्या प्याद्यांच्या साखळीच्या बुडावर आणि शेंड्यावर घाव घालतो. काळ्याचं दुखणं म्हणजे सी8 चा उंट. ई6 च्या प्याद्यामागे तो कोंडला जातो. हा उंट केव्हा आणि कसा बाहेर काढायचा, यावर फ्रेंच खेळणाऱ्याची परीक्षा होते.

मेनचिकच्या डावांत हा उंट कधीकधी खूप काळ घरीच दिसतो, आणि ती त्याची घाई करत नाही. ताकदवान खेळाडूंविरुद्ध हा संयम तिला महाग पडलाय. पुढाकार समोरच्याकडे गेला, तिची मांडणी भक्कम पण अडकलेली, आणि मग एखादा अलेखिन दार फोडून आत येतो. अलेखिन आणि कापाब्लांका, दोघांविरुद्धही तिला एकही डाव जिंकता आला नाही. याउलट जो हल्ला करण्याच्या नादात आपली प्यादी विस्कटून बसला, त्याचा एंडगेममध्ये तिनं शांतपणे हिशेब केला. तिची ताकद आणि तिची मर्यादा एकाच जागी आहे, हे मुलांना दाखवता आलं तर टिपेचं चीज होईल.

12 सप्टेंबर

वरच्या टिपेला छेद देणारा डाव मुद्दाम लगेच पुढे ठेवला: मेनचिक विरुद्ध सर जॉर्ज थॉमस, लंडन 1932. पांढऱ्या सोंगट्या, काळ्याच्या किंग्ज इंडियन या बचावाविरुद्ध एफ3 ची मांडणी. या मांडणीला झेमिशचं नाव आहे, आणि झेमिशला तिनं तीन वर्षांपूर्वीच हरवलं होतं. डी5 नं मध्यभाग बंद, वजिराच्या बाजूला किल्लेकोट, मग जी आणि एच पट्ट्यांवरची प्यादी सरळ काळ्या राजावर. ती फक्त बचावात्मक खेळते असं म्हणणाऱ्यांना हा डाव दाखवावा. बंद मध्यभाग तिला मानवतो. इथे तोच बंद मध्यभाग तिच्या हल्ल्याला आडोसा देतो.

13 सप्टेंबर

मारिबोर 1934: वास्या पिर्क आणि लायोश श्टाइनर यांच्या मागे तिसरी, श्पीलमानच्या पुढे. माहितीची टीप पूर्ण. एक डाव निवडला.

17 सप्टेंबर

मॉस्को 1935. वीस खेळाडू, 19 डाव, मेनचिक 1.5 गुण, शेवटची. मिखाइल बोट्विनिक आणि सालो फ्लोर 13 गुणांनी संयुक्त पहिले. लास्कर वयाच्या 66 व्या वर्षी 12.5 वर, कापाब्लांका 12.

जन्मगावी ती जगज्जेती म्हणून परतली होती, आणि एवढी मोठी पडझड तिच्या वाट्याला दुसरीकडे कुठे आली नाही. इथले दोनच डाव घेतेय. कार्ल्सबादच्या पराभवांत शिकण्यासारखं जास्त आहे. मॉस्कोत अनेक डावांत ती दमलेली वाटते, आणि दमलेल्या खेळाचं विच्छेदन करून शिकणाऱ्याला काही मिळत नाही. त्याच वर्षी वॉर्साला तिनं नऊपैकी नऊ गुण घेतले, ही ओळ शेजारी जोडली.

24 सप्टेंबर

युद्धाची वर्षं. डाव कमी, पण जे आहेत ते नीट जपायचे.

सप्टेंबर 1939 मध्ये लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर, जॉन लुइस या मोठ्या दुकानाच्या इमारतीत राष्ट्रीय बुद्धिबळ केंद्र सुरू झालं. व्यवस्था मेनचिककडे. वर्षभरानं, सप्टेंबर 1940 च्या बॉम्बहल्ल्यात ती इमारत जळाली आणि केंद्र संपलं. शिकवणं, एकाच वेळी अनेकांशी खेळण्याचे कार्यक्रम, मासिकात डावांचं संपादन, हे तिचं चालूच होतं. 1942 मध्ये जाक मीझेसशी दहा डावांची लढत: मेनचिक 6.5-3.5, चार विजय, एक पराभव, पाच बरोबरी. मीझेस तेव्हा 77 वर्षांचा होता, हे टिपेत आलंच पाहिजे. पण तो एकेकाळचा भीतिदायक हल्लेखोर होता, आणि पाच बरोबऱ्या सांगतात की म्हातारा सहज हाती लागला नाही.

1943 मध्ये पती गेले. जून 1944 च्या शेवटच्या आठवड्यात दक्षिण लंडनच्या क्लॅपहॅम भागात तिच्या घरावर जर्मनीचा व्ही-1 उडता बॉम्ब पडला. वेरा, ओल्गा आणि आई, तिघीही गेल्या. वय 38. घराबरोबर तिचे चषक आणि कागदपत्रंही गेली.

आपण जे डाव शोधतोय त्यातले काही मिळत नाहीत त्याचं एक कारण इथे आहे. पुरुषांच्या मोठ्या स्पर्धांचे डाव पुस्तकांत छापले जात. महिलांच्या स्पर्धांचे सगळे डाव कुणी छापायचे कष्ट घेतले नाहीत. तिच्या स्वतःच्या वह्यांत ते असते. शंभर टक्के गुणांच्या स्पर्धा आपल्याला माहीत आहेत, आणि त्यातले कितीतरी डाव आता कधीच पटावर मांडता येणार नाहीत. आज यापुढे काम झालं नाही.

30 सप्टेंबर

‘नंतर’ हा छोटा विभाग लिहिला. जगज्जेतेपद रिकामं राहिलं. 1949-50 च्या हिवाळ्यात मॉस्कोला सोळा जणींची स्पर्धा झाली आणि ल्युडमिला रुडेन्को पुढची जगज्जेती ठरली. तिथून पुढची चाळीस वर्षं हे पद सोव्हिएत खेळाडूंकडेच राहिलं. 1957 मध्ये नेदरलँड्समधल्या एमेन इथे पहिलं महिला ऑलिंपियाड झालं. विजेत्या संघाला मिळणाऱ्या चषकाला मेनचिकचं नाव आहे. 2011 मध्ये जागतिक बुद्धिबळ हॉल ऑफ फेममध्ये तिचा समावेश झाला, महिलांमध्ये सर्वांत आधी.

आणि सप्टेंबर 2024 मध्ये बुडापेस्टला हा वेरा मेनचिक चषक भारताच्या महिला संघानं जिंकला: हरिका द्रोणवल्ली, वैशाली, दिव्या देशमुख, वंतिका अग्रवाल, तानिया सचदेव, कर्णधार अभिजित कुंटे. तेव्हा टीव्हीवर चषक सगळ्यांनी पाहिला. ज्यांनी पाहिला त्यांना आता डावही दाखवायचे आहेत, म्हणून हा उल्लेख या विभागात ठळक अक्षरांत घेतला.

6 ऑक्टोबर

क्रम नक्की झाला. मारोत्सी आणि फ्रेंच डिफेन्सच्या टिपा, मग कार्ल्सबादचे पराभव आणि दोन विजय, हेस्टिंग्ज, लंडन 1932, ग्राफ, त्यानंतर जगज्जेतेपदाचे निवडक डाव आणि पूर्ण तक्ता, शेवटी मीझेस.

मैत्रिणीनं कच्ची फाइल फोनवर आणि संगणकावर उघडून पाहिली. मराठी टिपांतली जोडाक्षरं एका अ‍ॅपमध्ये तुटत होती. फाइल यूटीएफ-8 या अक्षर-संकेतात पुन्हा जतन केल्यावर ठीक दिसली. टिपांत सोंगट्यांची नावं मराठीतच, म्हणजे हत्ती, घोडा, उंट, वजीर. चालींची नोंद मात्र आंतरराष्ट्रीय, कारण स्पर्धेत मुलांना तीच लिहावी लागते.

उरलेलं काम: ग्राफच्या ब्यूनस आयर्स डावाच्या टिपा दुसऱ्यांदा वाचणं, आणि मीझेस लढतीच्या दहा डावांपैकी कुठले घ्यायचे ते ठरवणं. बरोबरीचे निदान दोन तरी हवेत. उद्या पहिल्या डावापासून पट मांडते.